बेनचा पगार कोणत्या खात्यात?

कारेलीबागेत घर कुठं संपतं आणि धंदा कुठं सुरू होतो, हे घरपट्टीचं वेराबिल पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पाण्याच्या टाकीच्या रस्त्यानं सहज चालत निघा. तळमजल्यावर गणिताचा क्लास, वरच्या मजल्यावर सरांचं बिऱ्हाड. पुढच्या सोसायटीत गाडी लावायच्या जागेत शिवणयंत्र मांडून काकू ब्लाउज शिवतात आणि माप घेता घेता आतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजतात. एका बंगल्याच्या फाटकावर खाखरे मिळतील अशी गुजराती पाटी आणि त्याच फाटकावर ‘श्री गणेश प्रसन्न’ अशी मराठी. मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे मत पुण्या-मुंबईकडं तयार झालेलं आहे. बडोद्यात शेजारी भाव विचारल्याशिवाय झोपत नाही. त्याच्या सहवासात तीन पिढ्या काढल्या की मराठी घरातूनही दिवाळीच्या फराळाचं कोटेशन निघायला लागतं.

या सगळ्या घर-कम-दुकानांमध्ये समान असं एकच माणूस आहे: सकाळी आठला येणारी कामवाली बेन. सरांकडं ती आधी क्लासातली बाकं पुसते, मग वर जाऊन भांडी घासते. काकूंकडं आधी चिंध्या झाडते, मग कणीक मळून ठेवते. खाखरेवाल्यांकडं तर आपण खाखरे लाटतोय की घरच्या पोळ्या, हे तिलाही तव्यापर्यंत पोचल्यावरच कळतं. पगार मात्र एकच आणि तो देणारा खिसाही एकच. हा पगार घरखर्चात लिहायचा की धंद्याच्या खर्चात, हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता. कारण तो मुळात लिहायचा असतो, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

प्रश्न आणला आमच्या समोरच्या हार्डवेअरवाल्या शेठनी. शेठचा मुलगा टेक्सासमध्ये मोटेल चालवतो. तिकडच्या कुणा नातलगानं शेठच्या कानावर घातलं की परदेशात घरकामाला माणूस ठेवला की सरकार टॅक्स माफ करतं. परदेश म्हणजे कुठला देश आणि माफ म्हणजे किती, असल्या बारीकसारीक गोष्टींत शेठ शिरले नाहीत. सोसायटीतले सी.ए. साहेब जेवणानंतर शतपावलीला उतरतात, ती फुकट सल्ल्याची वेळ साधून त्यांनी साहेबांना बाकड्यावर बसवलं आणि म्हणाले, “साहेब, बेननो पगार खर्चामां नाखी दो ने!”

‘खर्चामां नाखी दो’ हा मध्य गुजरातेतला सर्वांत लाडका मंत्र आहे. घरची गाडी? कधीमधी दुकानाच्या बिजागऱ्या तिच्यातून येतात, नाखी दो. मुलाचा मोबाइल? एकदा गिऱ्हाइकानं त्यावर फोन केला होता, नाखी दो. पावागडची सहल? डोंगर उतरताना एक डीलर भेटला होता. मुलीच्या लग्नातलं मंडपाचं बिलही एका गृहस्थांनी जाहिरातखर्चात टाकून पाहिलं, कारण निम्मे पाहुणे व्यापारी होते आणि मंडपावर दुकानाच्याच नावाचे दिवे लावले होते. या मंत्रावर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांच्या दृष्टीनं माणसाचं उभं आयुष्य हाच धंद्याचा खर्च असतो. निव्वळ नफा म्हणून शेवटी जे उरतं ते खासवाडीच्या स्मशानात पोचवायचं.

साहेब मराठी, स्वभावानं सोशिक आणि मार्च सोडून इतर महिन्यांत विनोदी. त्यांनी शेठना कलम ३७ समजावलं. १९६१ च्या आयकर कायद्यातलं हे कलम म्हणतं की खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला पाहिजे, आणि वैयक्तिक खर्च चालणार नाही. आता २०२५ चा नवा कायदा आला, १ एप्रिल २०२६ पासून त्याचा अंमल ठरला, कलमांचे आकडे पार बदलले. पण त्यातही घरची भांडी घरचीच राहिली. “दुकानात झाडू मारणाऱ्या माणसाचा पगार चालतो,” साहेब म्हणाले, “घरात मारला तर नाही.”

“झाडू तो एक ज छे,” शेठ म्हणाले. त्यांच्याच दुकानातला.

मग शेठनी विचारलं की प्रायव्हेट लिमिटेड केली तर? साहेबांना हा प्रश्न अपेक्षित होताच. १९६२ च्या आयकर नियमांत झाडूवाला, माळी, वॉचमन आणि खासगी सेवक अशा चार मानकऱ्यांचा नावानिशी उल्लेख आहे. कंपनीनं डायरेक्टरच्या घरी यांपैकी कुणाला नेमलं, तर कंपनीला तो खर्च दाखवता येतो. पण मग तीच रक्कम डायरेक्टरला मिळालेली सुविधा म्हणून त्याच्या उत्पन्नात मिळवली जाते आणि तिच्यावर तो कर भरतो. कंपनीच्या दारातून बाहेर घालवलेला कर घराच्या खिडकीतून आत येतो. “एटले फरीफरीने त्यां ना त्यां ज!” शेठ म्हणाले. आयकर कायद्याचं इतकं नेमकं सार मी इतर कुणाकडून ऐकलेलं नाही.

गंमत अशी की शेठना जे वाटतं, ते जगातल्या मोठमोठ्या लोकांना आधीच वाटून गेलेलं आहे, आणि त्या सगळ्यांना न्यायाधीशांनी घरी पाठवलेलं आहे. अमेरिकेत १९३९ साली स्मिथ नावाचं दांपत्य कर न्यायमंडळासमोर उभं राहिलं. नवरा-बायको दोघंही नोकरीला. मुलाला सांभाळायला दाई नसती, तर बायको कामावर जाऊ शकली नसती, मग दाईचा पगार हा कमाईसाठी केलेला खर्च नाही का? तर्क बिनतोड होता आणि न्यायमंडळ नेमकं त्यालाच घाबरलं. हा न्याय लावला तर जेवणही खर्चात धरावं लागेल, राहतं घरही आणि डॉक्टरही, कारण यांपैकी कशाहीवाचून माणूस कामावर जाऊ शकत नाही. म्हणजे ‘खर्चामां नाखी दो’चा धोका अमेरिकेनं बडोद्याला न येताच ओळखला होता. पुढं १९५४ साली तिथल्या काँग्रेसला थोडी दया आली आणि मुलांच्या संगोपनासाठी वर्षाला जास्तीत जास्त ६०० डॉलरची वजावट मिळाली.

कॅनडात एलिझाबेथ साइम्स या टोरांटोच्या वकीलबाई. स्वतःच्या फर्ममध्ये भागीदार, म्हणजे शेठसारख्याच धंद्याच्या मालक. त्यांनी मुलांच्या दाईचा पगार धंद्याचा खर्च म्हणून दाखवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९३ मध्ये ७ विरुद्ध २ अशा मतांनी त्या हरल्या. बाजूनं पडलेली दोन्ही मतं बायकांची होती. उरलेल्या सात न्यायमूर्तींच्या घरी भांडी कोण घासत होतं, याची नोंद निकालपत्रात नाही.

इंग्लंडात ॲन मॅलेलू या बॅरिस्टर. कोर्टात काळे कपडे घालावे लागतात, एरवी आपण ते घालत नाही, तेव्हा त्यांचा आणि त्यांच्या धुलाईचा खर्च धंद्याचा, असं त्यांचं म्हणणं. १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं ते फेटाळलं. कारण काय, तर कपडे थंडीपासून बचाव करतात आणि लज्जारक्षणही करतात, मग ते केवळ धंद्यासाठी कसे? वकिलालाही लाज असते, असा हा निकाल आहे, आणि आमच्या साहेबांच्या मते यापेक्षा धाडसी विधान न्यायालयांनी क्वचितच केलं असेल.

पण या सगळ्यांवर कडी केली ती आपल्याच माजी कायदामंत्र्यांनी. शांती भूषण यांची हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली. वकिली करायची तर हृदय चालू लागतं, सबब हृदय ही धंद्याची यंत्रसामग्री आणि शस्त्रक्रिया म्हणजे यंत्राची दुरुस्ती, असा दावा त्यांनी केला. दिल्ली उच्च न्यायालयानं २०११ मध्ये तो नाकारला. हृदय जर यंत्रसामग्री, तर तुमच्या हिशेबवह्यांत ते मालमत्ता म्हणून कुठं दाखवलंय, असा न्यायालयाचा रोख होता. हे ऐकून शेठनी आपला हात छातीवर ठेवला. काळजीनं की घसारा मोजायला, हे कळलं नाही.

घसाऱ्याचीच गोष्ट घ्या. दुकानात यंत्र आणलं तर साधारणपणे दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो. यंत्र गंजत जातं तसा कर कमी होतो, अशी ही प्रेमळ योजना. बेनचे गुडघे मात्र दरवर्षी झिजतात ते खासगी स्वरूपात. काकूंच्या शिवणयंत्राची किंमत कायद्याला कळते. ते यंत्र दिवसभर चालावं म्हणून आतला कुकर ज्या हातांनी उतरवला, त्या हातांची किंमत कायदा काकूंना विचारतसुद्धा नाही.

“पण मग परदेशात माफ होतं ते काय?” शेठ मुद्द्यावर आले. साहेबांनी तेही सांगितलं, आणि इथंच शेठच्या नातलगाची बातमी अर्धी खरी निघाली. काही देशांत सवलत आहे, पण ती धंद्याला नाही, घराला आहे. दुकानदार असो की कारकून, दोघांना सारखीच.

स्वीडनमध्ये २००७ पासून घरकामाच्या मजुरीवर ५० टक्के कर-सवलत मिळते, माणशी वर्षाला ७५,००० क्रोनरच्या मर्यादेत. झाडणं, धुणं, बागकाम, दारातला बर्फ उपसणं, सगळं त्यात बसतं. गिऱ्हाइकाला बिलच निम्म्या मजुरीचं येतं. उरलेली रक्कम सफाईवाली कंपनी कर खात्याकडून वसूल करते. फ्रान्समध्येही निम्मा खर्च परत मिळतो, सर्वसाधारण मर्यादा वर्षाला १२,००० युरोंच्या खर्चाची. तुम्हाला तेवढा कर लागूच नसेल, तर सरकार फरक खात्यात जमा करतं. जर्मनीत घरगुती सेवांच्या मजुरीवर २० टक्के, वर्षाला ४,००० युरोंपर्यंत. अट अशी की बिल पाहिजे आणि पैसे बँकेतून गेले पाहिजेत, रोख दिलेत तर विसरा. त्या देशात २०१५ साली सर्वोच्च कर न्यायालयानं असंही ठरवलं की मालक सुट्टीवर गेल्यावर घरी येऊन मांजर सांभाळणं ही घरगुती सेवाच आहे आणि तिलाही सवलत लागू होते. कॅनडातल्या दोन मुलांच्या आईला जे मिळालं नाही, ते जर्मनीतल्या मांजराच्या मालकाला मिळालं.

आमच्या सोसायटीतल्या एक काकू स्टॉकहोमला लेकीकडं राहून आल्या आहेत. लेकीचा स्वतःचा छोटा व्यवसाय, दर पंधरवड्याला घर साफ करायला माणूस येतो. काकूंनी डोळ्यांनी पाहिलेली हकिगत अशी: बाई स्वतःच्या गाडीतून आली, चहा नको म्हणाली, तिच्या तोंडून शेजारच्या घरातलं एका शब्दानंही काही कळलं नाही, तीन तासांत घर चकचकीत करून गेली आणि मागून मेलवर बिल आलं. काकूंनी पोहे केले होते, ते तसेच राहिले. “निम्मे पैसे सरकार देतं ते ठीक,” काकू म्हणतात, “पण बोलायला कोण देतं?” कारेलीबागेत बेनच्या पगारात वृत्तसेवेचा अंतर्भाव असतो. त्या भागावर सवलत द्यायची झाली, तर आपलं कर खातं कोलमडेल.

शेठच्या मुलाकडं, म्हणजे अमेरिकेत, तर सवलतीपेक्षा जबाबदारीच अधिक. घरकामाच्या माणसाला वर्षाला ठराविक रकमेच्या वर पगार दिला (२०२५ साली हा आकडा २,८०० डॉलर होता), की तुम्ही मालक ठरता, आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर मिळून पगाराच्या १५.३ टक्के भरावे लागतात, निम्मे तुमचे आणि निम्मे तिचे. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल, तर घरच्या बाईचा हा भरणा धंद्याच्या फॉर्मवर दाखवायची मुभा आहे, पण तिचा पगार धंद्याच्या खर्चात टाकायची नाही. मोटेलच्या खोल्या झाडणारा माणूस मालकाच्या राहत्या खोल्या झाडायला आला, की तेवढ्या वेळापुरता तो धंद्याच्या बाहेर गेला. १९९३ साली झोई बेअर्ड यांचं नाव ॲटर्नी जनरलच्या पदासाठी पुढं आलं होतं. घरी कागदपत्रांविना ठेवलेली माणसं आणि त्यांचा न भरलेला कर बाहेर आला आणि त्यांना माघार घ्यावी लागली. एका देशाचं कायदाखातं मोलकरणीच्या पायी हातचं गेलं. सिंगापूरमध्ये तर परदेशी मोलकरीण ठेवली की सरकारलाच दरमहा ३०० सिंगापुरी डॉलर लेव्ही द्यायची. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलं तर ६०. तिथं सासूबाई घरात असण्याचा फायदा थेट डॉलरांत मोजता येतो.

एवढं ऐकल्यावर शेठना एक शंका आली आणि ती त्यांच्या धंदेवाईक बुद्धीला शोभणारी होती. सरकारं ही निम्मी रक्कम फुकट कशाला सोडतील? साहेब खूश झाले. हाच तर डाव आहे, ते म्हणाले. घरकाम सगळीकडं रोखीनं आणि गुपचूप चालतं. सरकार तुम्हाला थोडे पैसे सोडतं आणि बदल्यात त्या माणसाचं नाव, पत्ता, पगार कागदावर लिहून घेतं. एकदा नाव लागलं की विमा आला, पेन्शन आली, रजा आली. सवलत म्हणजे नाव सांगण्याची लाच.

शेठ जरा गप्प झाले. मग साहेबांनी त्यांना दुसरी खबर दिली, ती अशी की त्यांना सवलत केव्हाच मिळालेली आहे. शेठ वर्षानुवर्षं जुन्या कायद्याच्या कलम ४४एडीखाली रिटर्न भरत आलेत. दोन कोटींपर्यंत उलाढाल असेल, आणि रोखीचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत, आठ टक्के नफा दाखवायचा; बँकेतून आलेल्या रकमेवर तर सहाच टक्के. शंभरातले उरलेले ब्याण्णव किंवा चौऱ्याण्णव रुपये कुठं गेले, ते कुणी विचारत नाही. खरा नफा जास्त असेल, तर जास्त दाखवणं अपेक्षित आहे. पण अपेक्षांचं काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. “त्या ब्याण्णवात बेन आहे, माळी आहे, पावागडही आहे,” साहेब म्हणाले. “आता आणखी कशात नाखू?”

बेन खरोखर धंद्याचा खर्च आहे की नाही, याचा सर्वांत सबळ पुरावा मात्र कुठल्याही न्यायालयापुढं कुणी ठेवलेला नाही. तो पुरावा म्हणजे होळी. आमच्याकडच्या बहुतेक बेन छोटा उदेपूरकडच्या. उत्तरायणाला त्या दोन दिवस घेतात, ते चालतं. तेव्हा सगळं बडोदं गच्चीवर असतं. पण होळी ही त्यांची खरी दिवाळी. होळी आधी घरची, मग कवांटचा घेरचा मेळा, मग मामाकडं, मग एसटीला गर्दी. आणि होळी येते मार्चात. २०२४ साली धुळेटी २५ मार्चला होती, म्हणजे हिशेबाचं वर्ष संपायला एक आठवडा उरलेला. त्या आठवड्यात साहेबांच्या ऑफिसात फायलींचे ढीग आणि घरी भांड्यांचे. बायको शाळेत शिक्षिका, तिचे पेपर तपासायचे. साहेब एका हातानं जीएसटीचा ताळा जमवत होते आणि दुसऱ्या हातानं कणीक. सरांचा क्लास दोन दिवस बंद होता, कारण सर वर भांड्यांशी होते. ब्लाउजवाल्या काकूंनी लग्नाची ऑर्डर पुढं ढकलली. शेठनी दुकान उघडलं, पण धुतलेला सदरा नसल्यामुळं कुर्त्यात. गिऱ्हाइकांना वाटलं, कुणी गेलं. एका बेनच्या रजेनं चार करदात्यांची कमाई थांबते, आणि तरी कायदा म्हणतो की तिचा धंद्याशी संबंध नाही!

“तरी पण,” शेठ म्हणाले, “कधी कायदा बदललाच, तर तयारी काय पाहिजे?” साहेबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. बेनचं पूर्ण नाव. शेठना फक्त ‘बेन’ माहीत. आधार, बँकेचं खातं, दरमहा बँकेतूनच पगार. आठवड्याची सुट्टी. महाराष्ट्रात २००८ सालीच घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, साहेबांनी सांगितलं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९८० मध्ये, पुण्यातल्या मोलकरणींनी संप करून संघटना बांधली. २०२१ पासून केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर त्यांची नोंद होते. “त्यांना विचारलंत का कधी, नाव नोंदवलंय का?” संप हा शब्द ऐकून शेठचा सवलतीतला रस बराच ओसरला.

तेवढ्यात बेन स्वतःच तिसऱ्या घराचं काम आटोपून बाकड्यापाशी आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ऐकणं हा तिच्या सेवेचा भागच आहे. ई-श्रमचं कार्ड तिनं केव्हाच काढलेलं होतं. नाव सांगायलाही तिची हरकत नव्हती. तिचा एकच प्रश्न होता, की नाव माझं लागणार, तर सूट तुम्हालाच कशी? मग तोडगाही तिनंच काढला. “तमने जेटलो फायदो थाय, एमांथी अडधो मारो.”

साहेब हसून बाकड्यावरून पडायचे राहिले. पन्नास टक्के! हाच दर स्वीडनचा आणि हाच फ्रान्सचा. तिथं त्यासाठी संसदेत वर्षानुवर्षं रणं माजली, इथं पोतेरं वाळत घालता घालता निकाल लागला. शेठनी मनातल्या मनात हिशेब केला आणि जाहीर केलं की आपलं जसं आहे तसंच बरं आहे, कागदपत्रांची काही गरज नाही.

“तो पछी पगार वधारो,” बेन म्हणाली.

पगार वाढला. आठवड्याच्या आत तोच दर सरांकडं, काकूंकडं, साहेबांकडं आणि मागोमाग सबंध सोसायटीत लागू झाला. अर्थसंकल्पातली तरतूद इतक्या लवकर कधी अमलात येत नाही, आणि आली तरी साहेब तिच्यातून एखादी वाट काढून देतात. या वेळी पाच घरांनी त्यांना वाट विचारली, आणि साहेबांनी पाचही जणांना एकच सल्ला दिला: वेळेवर भरा, होळी जवळ आली आहे.